रविवारचे दोन खेळ

"मॅडम टोस्ट खाताना किती वेळ गप्प बसते ते मोज," असं म्हणून ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं.

मी मोजलं. पडद्यावरची बाई टोस्टचा भलामोठा घास घेऊन चावत होती, आणि तिचा नवरा आमच्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत होता.

"नऊ सेकंद."

"नक्की?"

"नऊ म्हणजे नऊ. विश्वास नसेल तर परत लावायला सांगा."

त्यांनी खरंच परत लावायला सांगितलं. मशीनवाल्या तात्यांनी कुरकुरत फिल्म मागे फिरवली, बाईनं पुन्हा तोच घास तोंडात कोंबला, आणि पुन्हा नऊच भरले. मग ह्यांनी वहीत त्या जागी लाल पेन्सिलीनं गोल काढला, गोलात नऊचा आकडा घातला आणि पान उलटलं. एवढा काटेकोरपणा कशासाठी, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आमचे हे सगळ्याच बाबतीत तसे होते. चहात साखर घालतानासुद्धा चमचा डोळ्यांसमोर धरून बघायचे.

ही गोष्ट कराडची, एकाहत्तर सालच्या एप्रिलमधली. हे, म्हणजे दिगंबर एरंडे, हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. गावातल्या डॉक्टर मुतालिकांनी त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी चित्रप्रेमी मंडळ काढलं होतं. महिन्यातून एका रविवारी, सकाळी नऊला, नगरपालिकेच्या सभागृहाचे पडदे ओढून इंग्रजी सिनेमा दाखवायचा. सिनेमाचे डबे शनिवारी मुंबईहून यायचे आणि सोमवारी परत जायचे. पहिल्या दोन खेळांना डॉक्टरांचे पेशंट भिडेखातर आले, दोन-दोन तास न कळणारं इंग्रजी ऐकून घामाघूम झाले, आणि तिसऱ्या खेळाला चौदा डोकी उरली. तेव्हा डॉक्टर आमच्या घरी आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सर, आता गाव तुमच्या हातात आहे." सिनेमाचा आवाज बारीक करायचा, पडद्याशेजारी टेबल मांडायचं आणि माइकवर मराठीतून बोलायचं. पुरुषांचं सरांनी, बायकांचं वहिनींनी.

झालं, हे कामाला लागले. संवादांचे टाइप केलेले कागद आठ दिवस आधी पोस्टानं यायचे. त्यावरून हे वहीत मराठी उतरवायचे, आणि शनिवारी दुपारी डबे आले की एकदाच सिनेमा बघून आम्ही तोंडं जुळवायचो. नियम एकच होता. पडद्यावरचं तोंड मिटलेलं असेल तर आपलंही मिटलेलं. कारण आमच्या दुसऱ्याच खेळाला माझी जीभ घसरली होती. एक म्हातारी मरायला टेकली होती, तिचं तोंड घट्ट बंद, आणि मी घाईत पुढचं वाक्य बोलून गेले. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारी पोटातनं बोलतीय." त्या मरणावर सभागृह असं हसलं की डॉक्टरांना दिवे लावावे लागले. तेव्हापासून ह्यांचा लाल गोल आला. लाल गोल दिसला की श्वासही जपून घ्यायचा. माणूस पाठमोरा असला की मात्र रान मोकळं. तोंडच दिसत नाही म्हटल्यावर तिथे हे पदरचं काहीबाही घालायचे आणि लोकांना हसवायचे.

आणि लोक हसायचे. हळूहळू सभागृह पुरेनासं झालं. बाजारात भाजीवाली मला सांगायची, "वहिनी, सर आणि तुम्ही काय गोड बोलता हो एकमेकांशी." मी मान डोलवायची आणि गवारीच्या शेंगा निवडायची.

कारण घरात आम्ही बोलत नव्हतो.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटतं तरी. आमचं तसं काहीच झालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सांगलीला रेडिओवर निवेदिकेची जागा निघाली होती. मी गुपचूप अर्ज केला, आवाजाची परीक्षा दिली आणि निवडलेही गेले. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. मला आठवड्यातले पाच दिवस सांगलीला राहावं लागलं असतं. मी पत्र घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "जाऊ का?" हे वर्तमानपत्र वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर."

नको म्हणाले असते तर मी रडले असते, जा म्हणाले असते तर नाचले असते. त्या पेपराआडच्या माणसाला काय हवंय तेच कळेना. मी नकार कळवून टाकला. सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या, मूलबाळ नव्हतं, घरात आम्ही दोघंच उरलो, आणि तोवर न बोलण्याची सवय झाली होती. जेवायला वाढलंय, दूधवाला आला होता, छत्री न्या. बस्स. महिन्यातला सिनेमा आला की मात्र आठ दिवस घरात वही फिरायची आणि आम्ही दुसऱ्यांची वाक्यं एकमेकांना ऐकवायचो. खरं सांगते, मी त्या आठ दिवसांची वाट बघायची.

मार्च संपता संपता अबिसीनियाच्या सरकारचं पत्र आलं. तिकडे तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक जायचे. ह्यांनी अर्ज कधी केला होता ते मला पत्र आल्यावर कळलं. अदिस अबाबाला इंग्रजीचे शिक्षक, तीन वर्षांचा करार. पहिलं वर्षभर कुटुंब नेता येणार नव्हतं, आणि नंतरचंही नक्की नव्हतं. उत्तर तारेनं, एप्रिल संपायच्या आत. महिनाभर ते पत्र देवळीत पडून होतं. एप्रिलच्या खेळाआधीच्या गुरुवारी रात्रीच्या जेवणाला हे ताटावर बसले आणि म्हणाले, "मग, काय करू? जाऊ?"

मला मनातून ओरडून सांगायचं होतं की जाऊ नका. तीन वर्षं ह्या घरात मी भिंतींशी काय बोलू? पण इतक्या दिवसांचं साठलेलं आयतं तोंडावर आलं. मी आमटी वाढत म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

ह्यांनी मान वर केली. त्यांना आपलं वाक्य ओळखू आलं. मग त्यांनी भात कालवला, जेवले आणि उठले. मला वाटलं, जिंकले. शुक्रवारी सकाळपर्यंतही ते जिंकल्यासारखं वाटत होतं. मग 'जाऊ नका' म्हणायचं राहून गेल्याचं टोचायला लागलं, आणि ते बोलायला तोंड उघडेना.

त्या महिन्याचा सिनेमा गमतीचा होता. नवरा-बायको दोघं गुप्तहेर. एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या बंगल्यावर आठ पाहुणे जमतात, म्हातारा आपल्या वाचनाच्या खोलीत मरून पडतो, दार आतून बंद. पण खुनाचं कुणाला फार वाईट वाटत नाही. ती दोघं एकमेकांना टोमणे मारत, खातपीत, चेष्टा करत खुनी शोधतात. एकीकडे बंदुका निघतायत आणि ही बाई नवऱ्याला विचारतेय की तुम्ही टाय अशी कशी बांधलीत. ह्यांनी मराठी करताना ठरवून टाकलं की ती त्याला 'अहो' म्हणेल आणि तो तिला 'अगं'. त्या सोनेरी केसांच्या बाईच्या तोंडून 'अहो' ऐकून शनिवारी तात्यासुद्धा मशीन धरून हसले.

ती टोस्टची जागा शेवटाकडे होती. गुप्तहेर खिडकीपाशी पाठमोरा उभा राहून म्हणतो, "मी त्या वकिलाकडे एकटाच जाऊन येतो. जिवाला धोका आहे, पण जायला हवं." बायको नऊ सेकंद नुसती चावत त्याच्या पाठीकडे बघते. मग घास गिळून म्हणते, "मुरांबा संपला वाटतं." तो वळतो आणि तिच्याकडे बघत राहतो. एवढंच. पण ती बाई ज्या चेहऱ्यानं ते म्हणायची, त्यावर हसू आवरायचं नाही.

रविवारी सकाळी हे माझ्याआधी घराबाहेर पडले. वही, पेन्सिली, टेबलावरचा दिवा, सगळं नीट लावायचं असायचं म्हणून त्यात नवल नव्हतं. मी पावणेनऊला पोचले तर बाहेर ही गर्दी. निम्म्या लोकांना जागा मिळाली नाही. डॉक्टर दारात उभे राहून घाम पुसत लोकांची समजूत घालत होते. आत पडदे ओढले, दिवे गेले, तात्यांचं मशीन घुरघुरलं आणि आम्ही सुरू झालो.

त्या दिवशी आमचं असं जमलं की विचारू नका. हे गुप्तहेराचं नाकातून बोलायचे, शब्दाशब्दाला जरा मिजास. मी वाक्य टाकायची, हे झेलायचे. लोकांचं हसणं संपायच्या आत पुढचं वाक्य. मध्ये एकदा हे माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. अंधारात टेबलावरच्या त्या कागद लावलेल्या दिव्यात मला ते दिसलं, आणि माझ्या मनात आलं, खेळ संपला की सांगून टाकायचं. सभागृहाच्या पायऱ्या उतरतानाच सांगायचं. तारघर रविवारी बारापर्यंत उघडं असतं आणि हे जातील ते तिथेच, हे मला माहीत होतं. त्याच्या आधी सांगायचं.

टोस्टची जागा आली. बाईनं घास घेतला. गुप्तहेर खिडकीशी गेला, पाठ केली. हे म्हणाले, "मी एकटाच जाऊन येतो." आणि पुढचं धोक्याचं वाक्य यायच्या जागी हे थांबले. मी वहीतून वर बघितलं. ह्यांची नजर पडद्यावर होती.

"जाऊ का गं मी?" हे म्हणाले. "खरंच जाऊ?"

नाकातला आवाज नव्हता तो. मिजास नव्हती. सासूबाई गेल्या त्या दिवशी ह्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली होती, तो आवाज.

माझ्यापुढे लाल गोल. पडद्यावर बाई चावतेय. तोंड मिटलेलं. माझ्या जिभेवर शब्द आला होता, नुसता सोडायचा बाकी होता, आणि समोर चारशे माणसं. काय झालं मला? अहो, दोन वर्षं मी त्या गोलांना मान दिला होता. टेबलाची कड घट्ट धरून मी तिचं तोंड उघडायची वाट बघत राहिले. एक बाई टोस्ट कधी गिळते याची इतकी वाट जगात कुणी पाहिली नसेल. नऊ सेकंदांनी तिनं गिळला, तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून आलं, "मुरांबा संपला वाटतं."

सभागृह कोसळलं. ह्यांनी पान उलटलं.

पुढची वीस मिनिटं मी काय बोलले मला आठवत नाही. खुनी सापडला एवढं खरं. दिवे लागले तर लोकांचा गराडा. बायका माझा हात धरून म्हणतात, वहिनी, ते मुरांब्याचं परत एकदा म्हणा ना. मी म्हटलं. आणखी एकदा म्हणा, आमच्या जाऊबाई मागे होत्या, त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. मान वर करून बघते तर ह्यांची खुर्ची रिकामी. भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस कमी. डॉक्टर लोकांना सांगत होते की ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी चारला पुन्हा खेळ होईल. मी बायकांमधून वाट काढली आणि निघाले.

चप्पल हातात घेऊन कराडच्या बाजारातून पळालेली एरंडे वहिनी गावानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. दोघांनी मुरांब्याबद्दल विचारलं. मी थांबले नाही.

तारघरात खिडकीमागे घळसासी बसले होते. मंडळाचे सभासद, पण ड्यूटीमुळे सकाळचा खेळ चुकला म्हणून हळहळत होते.

"सर आले होते का इथे?" मला धाप लागली होती.

"सर? आले होते की."

"तार केली?"

"केली की वहिनी. तुम्हाला माहीत नाही? अभिनंदन. आता पेढे द्या."

"कधी? आत्ता?"

"आत्ता कुठली. सकाळी आठला. मी खिडकी उघडतोय तोवर सर दारात उभे. आजची पहिली तार त्यांचीच."

मी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले. आठला. म्हणजे खेळाच्या आधी तासभर. म्हणजे 'जाऊ का गं' म्हणाले तेव्हा तार जाऊन अडीच-तीन तास उलटले होते.

"घळसासी, ती परत घेता येते का?"

"गेलेली तार परत कशी येणार? मागनं दुसरी करता येते, बेत रद्द म्हणून. पण ती सरांनी करायला पाहिजे, त्यांच्या सहीनं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बसा वहिनी. पाणी देऊ?"

मागे पावलं वाजली. हे दारात उभे होते, हातात लिंबाच्या सोड्याची बाटली. खेळ संपला की माझ्या घशासाठी ते नेहमी आणायचे. म्हणजे तारघरात नव्हे, सोडा आणायला गेले होते, आणि मी पळत सुटल्याचं ऐकून मागोमाग आले होते. आम्ही बाहेर पायरीवर आलो.

"आठला तार केलीत," मी म्हटलं.

"हो."

"मग मला विचारलंत कशाला?"

हे बाटलीकडे बघत म्हणाले, "न विचारता गेलो असं नको व्हायला, म्हणून."

"गुरुवारी विचारलं होतंत की."

"गुरुवारी तू मला माझंच उत्तर दिलंस. ते बरोबरच होतं, नलू. पण ते घेऊन तीन वर्षं जायचं म्हणजे..."

"आणि मी नको म्हटलं असतं तर?"

बाजारातून कुणीतरी "सर, नमस्कार, झकास झालं" म्हणून गेलं. ह्यांनी हात वर केला. मग हळू आवाजात म्हणाले, "तिथे तू बोलणार नाहीस हे मला माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही. मग शनिवार डोळ्यांपुढे आला. परत लावा, परत मोजा, नऊचा आकडा. हा माणूस मला प्रश्न विचारायला जागा शोधत होता, आणि त्यानं सगळ्या सिनेमात ती एक जागा शोधून काढली होती जिथे मला उत्तर देता येणार नव्हतं. मला इतका संताप आला की त्या बाटलीनंच त्यांना मारावं. आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली, कारण हे भ्यायले होते. मी नको म्हणेन म्हणून भ्यायले होते, आणि मी जा म्हणेन म्हणूनही भ्यायले होते. चाळीस वर्षांचा बाप्या, हातात सोड्याची बाटली धरून तारघराच्या पायरीवर उभा.

"तुम्हाला जायचंय," मी म्हटलं.

"जायचंय गं. अठरा वर्षं तीच पुस्तकं, तोच फळा. मला कुठेतरी जायचंय." आणि मग लगेच, "पण तू काय म्हणाली असतीस?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि तेवढ्यात डॉक्टर मुतालिक त्यांच्या स्कूटरवरून आले. "अहो सर, वहिनी, इथे काय करताय? चारच्या खेळाला आताच रांग लागलीय. आमच्याकडे जेवायचं आणि तिथनंच जायचं. नाही म्हणायचं काम नाही." घळसासींनी आतून ओरडून आपली जागा राखायला सांगितलं, आणि बाराच्या ठोक्याला खिडकी लावून घेतली.

डॉक्टरांच्या घरी आमच्याभोवती अकरा माणसं होती. ह्यांच्या ताटात श्रीखंड, माझ्या ताटात श्रीखंड, दोघांकडे बघत सगळे म्हणत होते की घरीसुद्धा असेच बोलत असाल ना तुम्ही. हे म्हणाले, "असेच."

चार वाजता पुन्हा तेच टेबल, तोच दिवा. पुन्हा म्हातारा मेला, पुन्हा दार आतून बंद. लोक सकाळच्यापेक्षा जास्त हसत होते, कारण निम्मे सकाळी ऐकलेले परत आले होते आणि विनोद यायच्या आधीच हसायला लागायचे. आम्ही दोघंही चोख बोललो. एकमेकांकडे बघितलं नाही.

टोस्टची जागा आली. गुप्तहेर खिडकीशी गेला. ह्यांनी ह्या वेळी वहीतलंच वाचलं, नाकातून, मिजाशीत, "जिवाला धोका आहे, पण जायला हवं." बाईनं घास घेतला. लाल गोल माझ्यापुढे होता. घळसासी दुसऱ्या रांगेत बसले होते. सगळं सभागृह मुरांब्याची वाट बघत शांत झालं होतं.

"जाऊ नका," मी माइकवर म्हटलं.

बाई चावतेय, तोंड बंद, आणि सभागृहभर माझा आवाज. "जाऊ नका हो. मला नकोय तुम्ही गेलेलं."

असा हशा मी जन्मात ऐकलेला नाही. लोक मांड्या थापटत होते. कुणीतरी शिट्टी मारली. मागून आवाज आला, "घासातनं बोलतीय." डॉक्टर मुतालिक डोळे पुसत होते. पडद्यावर बाईनं घास गिळला, आणि मी तिचं तिला देऊन टाकलं, "मुरांबा संपला वाटतं," तेव्हा तर कहरच झाला. मग गुप्तहेर वळला. त्याचं तोंड उघडलं, हललं, बराच वेळ हललं. सभागृहात आवाज आला नाही.

मी शेजारी बघितलं. हे माइकसमोर होते, वही उघडी होती, बोट ओळीवर होतं. ओठ हलत होते. आवाज फुटत नव्हता. दोन वर्षांत ह्या माणसाचं एक वाक्य कधी चुकलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला आणि माइक हातानं बाजूला सारला.

सिनेमा थोडाच थांबतो. मी वही माझ्याकडे ओढली आणि त्याचं वाक्य माझ्या आवाजात बोलले. मिशीवाल्या गुप्तहेराच्या तोंडून बाईचा आवाज आल्यावर लोकांनी खुर्च्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही सरांची नवी युक्ती. मग शेवटपर्यंत दोघांचंही मीच बोलले. आठही पाहुण्यांना दिवाणखान्यात जमवलं मी, आणि खुनी कोण ते सांगितलंही मी. वकिलानं पिस्तूल काढलं, ते हिसकावून घेतानाचा आरडाओरडाही माझाच. शेवटी ती दोघं दमून सोफ्यावर बसतात. तो तिला 'अगं' म्हणून हाक मारतो आणि ती डोळे मिटून 'ओ' देते. ती हाकही मीच मारली, आणि ओही मीच दिली.

दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. तो पुसून झाला तरी पुसतच होते. डॉक्टर येऊन म्हणाले, "सर, ही कल्पना तुमची की वहिनींची?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

सोमवारी सकाळी आठला तारघर उघडलं; दुसरी तार करायची तर आता करता येत होती. मी पोळ्या लाटत होते. हे बाहेरच्या खोलीत होते, कपडे करून, पायात बूट घालून बसले होते. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मग त्यांनी बूट काढले आणि आत येऊन पाटावर बसले. मी वाढलं. विचारलं काहीच नाही, माझं सांगून झालं होतं. जूनच्या बावीस तारखेला ते मुंबईहून विमानानं गेले.